वजन पुढे घ्या

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये उभा राहून करवून घेतला,
चार बाय सहाचा, दोन चाकी, पत्रा दीड एमेमचा.
जगदीशभाईंना वेल्डिंग तीनदा परत करायला लावलं,
आयटीआयमधली तीस वर्षांची खोड.
गाडीमागून येतो म्हणून मालती त्याला शेपूट म्हणते.

दर दिवाळीआधी चाकं काढतो.
बेअरिंगमधलं काळं ग्रीस बोटावर घेऊन
उन्हात धरतो, लोखंडाचा चुरा चमकतोय का बघायला.
टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि साल.
नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं,
हे मी वर्गात सांगायचो आणि पोरं हसायची,
सर स्वतःबद्दल बोलतायत म्हणून.

गोळ्यावर वाटी बसली की खटका लावायचा,
मग दांडी वर ओढून बघायची:
गाडीचं बूड उचललं गेलं पाहिजे, नुसती वाटी हातात यायला नको.
साखळ्या दोन, खालून फुलीसारख्या,
म्हणजे सुटलाच तर दांडी त्यांच्या झोळीत पडते,
रस्त्यावर नाक घासत नाही.
मग दिवे. मालती मागे उभी राहून ओरडते,
"लागला. लागला. हा नाही लागला."

हे सगळं मी सुरतेला निघताना केलं.
येताना केलं नाही.

शाल्मलीचं सामान तिसऱ्या मजल्यावरून उतरत होतं.
जावई घरात नव्हता, तो यावा असं कुणाला वाटतही नव्हतं.
वॉचमन बघत होता. जे आधी खाली आलं ते आधी चढलं:
गाद्या, कपड्यांच्या बॅगा, प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि शेवटी, अगदी मागच्या फळीला टेकून,
लोखंडी कपाट, पुस्तकांची खोकी, तिचं शिलाई मशीन.
मी दोर आवळला. बघितलं नाही.

नर्मदेच्या पुलापर्यंत गाडा मुकाट आला.
पालेजच्या पुढे मी ऐंशीवर होतो.
शेजारून एक टँकर गेला, त्याचा वारा लागला,
आणि मागून कुणी खांदा धरून हलवावं तशी गाडी हलली.
डावीकडे. उजवीकडे. परत, जास्त.
आरशात आमचं कपाट एकदा दिसायचं, एकदा नाही.

पाय ब्रेककडे निघाला होता.
ब्रेक मारला की मागचं पुढच्याला ढकलतं.
स्टिअरिंगने सावरायला गेलं की झोका वाढतो.
फक्त पाय उचलायचा, हात सरळ ठेवायचे, आणि वाट बघायची.
मालतीने डॅशबोर्ड धरला होता. शाल्मली मागे, गप्प.
सत्तर. साठ. पंचावन्न.
पन्नासला तो शहाण्यासारखा मागे आला.

ढाब्यावरच्या चहावाल्याने एकच नजर टाकली,
"काका, पाछळ वजन वधारे छे."
तीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती:
एकूण वजनाचा दहावा हिस्सा गोळ्यावर,
जड ते खाली, आणि आसाच्या जरा पुढे.

रात्री नऊला, दिव्याखाली, सगळं उतरवलं.
चाकांना विटा लावल्या. शाल्मलीने मोबाइलचा उजेड धरला,
मग मोबाइल आईकडे दिला आणि कपाटाला हात घातला.
मशीन तिने दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही.
गाद्या मागे गेल्या.
मी हबला हाताची मागची बाजू लावून बघितली,
ताप बघतात तशी. कोमट.
पलीकडून ती म्हणाली, "इकडचं पण तितकंच आहे."

करजणनंतर तिने चावी मागितली.
मी म्हणालो, साठच्या वर नको, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर.
"माहीत आहे," म्हणाली.
माहीत नव्हतं, पण पोरपर्यंत झालं होतं.

दांडिया बाजारच्या गल्लीत रिव्हर्स मात्र माझ्याकडे आला:
हात स्टिअरिंगच्या तळाशी,
हात जिकडे, गाडा तिकडे.
घाई केली की घडी पडते. दोनदा पडली.
तिसऱ्या खेपेला आत.
मागे अंधारात शाल्मली, एक हात भिंतीला,
"या, या, या... अजून वीतभर आहे."