डावा गुडघा

कामठी रोडला टाइल्सच्या गोदामामागे
पत्र्याचा हॉल होता. मे महिन्यात चार कूलर,
ओल्या वाळ्याचा वास. आत शिरलं की वाटायचं
देव असेल तर इथेच,
बाहेर पंचेचाळीस डिग्रीत कशाला राहील?

माझं काम दारावर. टेबल, सुतळीने बांधलेलं पेन,
गुलाबी चिठ्ठ्या.
नाव. मोहल्ला. कशासाठी प्रार्थना हवी.
मेयोत एकतीस वर्षं केसपेपर लिहिलेला हात माझा.
"ताई, तुमच्या अक्षरावर अभिषेक आहे," म्हणायचे.
तेव्हा ते नुसते ब्रदर नहेम्या होते.
मग पास्टर झाले. एसी बसला तेव्हा प्रेषित.

चिठ्ठ्या मागच्या खोलीत जात.
मी विचारलं नाही.
तुझ्यापुढे काय लपवू, प्रभू, मला विचारायचंच नव्हतं.
हे गेल्यापासून चार वर्षं
कुणी मला नावाने हाक मारली नव्हती,
आणि पहिल्याच रविवारी डोळे मिटून
भरल्या सभेत ते म्हणाले, तबीथा, ऊठ.
मी उठले.
नाव मीच लिहून दिलं होतं दारात,
हे उठताना आठवलं नाही.

त्या रविवारी काटोलहून टेम्पो भरून माणसं आली होती.
सालोमी उजागरे, गड्डीगोदाम. गुडघा.
उजवा, म्हणाली ती. मी डावा लिहिलं.
शाई अडत होती, मागून कुणी रेटत होतं,
का लिहिलं कोण जाणे.

कीबोर्ड हळू झाला. त्यांचा हात थरथरू लागला.
"गड्डीगोदामची एक बहीण आहे इथे.
प्रभू मला दाखवतोय…
डावा गुडघा."

आधी हसूच आलं मला. मग पोटात गार पडलं.
पवित्र आत्म्याने
माझीच चूक केली होती.

सालोमी उठली.
आता म्हणेल, उजवा हो, उजवा.
तिने आपल्या पायांकडे बघितलं,
मग त्यांच्याकडे, मग चारशे डोळ्यांकडे.
"हो," म्हणाली, "डावाच."
आणि डावा गुडघा चोळू लागली.
त्यांनी डाव्याला तेल लावलं. तो बरा झाला.
बराच होता तो.
हालेलुया उसळला. उजव्यावर लंगडत ती खाली आली,
ते कुणी पाहिलं नाही.
माझेही हात वर होते.

गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं ते त्याच दिवशी बोलले.
संध्याकाळी दानपेटी उघडली तर
दशमांशाच्या पाकिटाखाली साखरेच्या गोळ्यांची पट्टी.
मी नोटा मोजल्या.
सहा गोळ्या शिल्लक होत्या. त्याही मोजल्या.

एकदा धीर करून विचारलं त्यांना.
रागावले नाहीत. डोक्यावर हात ठेवला.
"ताई, हे तुम्ही बोलत नाही.
तुमच्यातून दुसरं कुणीतरी बोलतंय."
दोन महिने मी त्या दुसऱ्या कुणाला
माझ्यातच शोधत राहिले.
घरातले आरसे पुसले, उपास धरले. सापडलं नाही कुणी.

दिवाळीच्या आसपास सर्जरी वॉर्डात सालोमी दिसली.
उजव्या पायाची दोन बोटं काढलेली.
"माझाच विश्वास कमी पडला, ताई," म्हणाली,
"सगळा डाव्यावरच खर्च झाला,
उजव्याला पुरला नाही बाप्पा."

प्रभू, तुझ्यासमोर आंधळा उभा होता,
अख्ख्या रस्त्याला कळत होतं त्याला काय हवंय.
तरी तू त्याला विचारलंस.
यांनी कधीच कुणाला विचारलं नाही.
मीच विचारायची,
आणि तेही नीट ऐकून घेतलं नाही.

आता गुरुवारी मी गड्डीगोदामला जाते.
टोपलं, कोमट पाणी, गॉज, जुना टॉवेल.
तिच्या ओट्यावर खाली बसते, गुडघे कुरकुरतात माझेही.
पहिल्या दिवशी बँडेज दिसत होतं समोर,
तरी विचारलं,
कुठला दुखतो?

उजवा म्हणायला
फार वेळ लागला तिला.