तिसरा कॉर्नेट

जिनिंगच्या ऑफिसात, वजनकाट्यामागच्या कपाटात
अकरा फिती निघाल्या.
मोघे साहेबांचं अक्षर, जांभळी शाई:
"घाटंजी, जत्रा." "मोहदा, लग्न, नवरदेव उशिरा."
"पांढरकवडा, जिनाचा मुहूर्त, १९६८. वारा फार."

मशीन त्यांचंच, दप्तराएवढं, सेलवर चालणारं.
पट्टा कुजून गेलेला,
शिलाई मशीनचा कापून बसवला.

वारा फार आहेच.
वाऱ्यातून आधी एक कुत्रं येतं,
मग चांदभाईचा साइड ड्रम,
मग एकदम चौदा माणसं,
पितळी कवाड धाडकन उघडावं तशी.

वामन मास्तर कामठीच्या पलटणीतून
ही रीत घेऊन आले होते:
ठेका सरळ पडू द्यायचा नाही.
जरासं मागं रेलायचं,
रेंगीत पडल्या पडल्या डुलकी लागलेल्या माणसासारखं
चाकोरी हलवील तसं हलायचं.
"गोरे त्याले स्विंग म्हनत," मास्तर सांगायचे,
"आपन हेलकावा म्हनू."

उकंडाकाका ऐकायला आले. वय चौऱ्याऐंशी.
कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं
आणि पंजा मशीनच्या जाळीवर ठेवून बसले.
"हा खोकला मायाच. सरकीची धूळ.
अन् हे चुकलं थे बी मीच.
मोघे म्हने पुन्हा वाजवा.
मास्तर म्हने कायले?
चुकलं थे बी वाजलंच ना बापा."

मी विचारलं, यात माझा बाप कुठं आहे?

बाबा तिसरा कॉर्नेट.
चाल त्यांच्या वाट्याला कधी आली नाही.
पहिला उंच जायचा,
दुसरा त्याच्या मागं धोतराचा सोगा धरून,
आणि बाबा खाली कुठंतरी,
वाकळीच्या पोटात शिवून टाकलेल्या लुगड्यासारखे.
ऊब लागते. रंग कोणाला ठाऊक?

सात नंबरची फीत तीनदा लावली.
तिसऱ्यांदा काकांनी बोट वर केलं:
"थांब. आता."

आणि काहीतरी गेलं.
तेरा जण वाजवतच होते,
तरी मांडवाची एक मेढ उपटावी
तसा सूर एका अंगाला खचला.
चार ठोके.
मग भरून आला.

"पानी झटकत असन," काका म्हणाले.
"कॉर्नेटात थुका साचते.
थोच तुहा बाप. आयकला?"

ऐकला.
चार ठोके नसलेला माझा बाप
मी मागं नेऊन पुन्हा ऐकला,
पुन्हा,
इतका की फीत तिथं चुरगळायला लागली
आणि काकांनी हात धरला.

नऊ नंबरच्या फितीत लाइट जाते.
दिसत नाही अर्थात.
फक्त पोरं ओरडतात, ताट पडतं,
"अबे डेगरू, कंदील आन!"
आणि बँड थांबत नाही.
वह्या दिसत नसणार, मास्तरचा हात दिसत नसणार,
एकमेकांचा दम ऐकत चौदाही जण
इतके मागं रेलतात
की वाटतं आता ठेका सुटला.
सुटत नाही.
माइकजवळ कोणी बाई हसते, मोकळी, बराच वेळ.
आई म्हणावं तर आई तेव्हा आदिलाबादेत,
बाबांचं नावही तिला माहीत नव्हतं.

डेगरूचा कंदील आला की नाही कळायला मार्ग नाही.
चाल वर चढता चढता फीत संपते.
मोघ्यांकडं तेवढीच होती.

मी बटण दाबलं नाही.
रीळ फिरत राहिलं,
फितीचं शेपूट फटकत राहिलं
फट्, फट्, फट्.
काकांचं यंत्र अजून खिशातच.
पंजा जाळीवर,
आणि टाचा निघालेला उजवा पाय
प्रत्येक फटक्यानंतर
जरासा उशिरानं पडत होता.