वाटणीच्या आधी

खंडेराव मार्केटातून जशुभाईने आणलेले कांदे
तीन दिवस बाटल्यांच्या तोंडावर बसलेत,
बुडं पाण्यात, शेंडे वाळके,
न्हाव्याकडे नंबर लावल्यासारखे.
सव्वासातला मी मुळांची टोकं कापते.
उशीर चालत नाही. या वेळेला
पेशी ऐन भरात असतात, असं आमच्या बाई म्हणायच्या.
मग अल्कोहोल, आम्ल, जरा ऊब,
लाल रंगाचा एक थेंब,
आणि अंगठा. दाबायचा, सरकवायचा नाही.
सरकला की सकाळ गेली.

दुसऱ्या वर्षाची हेतल भिंगाला डोळा लावते.
"बेन, आ तो बधा सूता छे."
झोपलेले नाहीत गं.
आतला दिवा दिसत नाही म्हणून घर झोपलं
असं नसतं. तिथे उतरवून घेण्याचं काम चाललंय.

माणसं वाटणी करतात म्हणजे
आहे त्याचेच दोन ढीग:
ताम्हण तुला, पळी मला,
मग दोघांचीही पूजा अडते.
पेशी आधी वाढते. सगळं दुप्पट करते, बिनबोभाट,
आणि ते होईपर्यंत
कुणाला वेगळं निघू देत नाही.

हे मी वीस वर्षं शिकवत होते.
कळलं आई गेल्यावर.
दांडिया बाजारातल्या दोन खोल्या मालकाला परत गेल्या,
राहिली पाककृतींची वही:
पाठकोऱ्या कागदांची, जाड दोऱ्याने शिवलेली,
एका कागदावर साहित्य, दुसऱ्यावर कृती.
कुंदाला ती हवी होती. मलाही.
दोन दिवस आम्ही त्यावर बोललोच नाही,
चहा मात्र फार केला.
तिसऱ्या रात्री तिने कात्री आणली, शिवण उसवली.
साहित्याचे कागद तिला, कृतीचे मला.
उरलेली अर्धी वही
जिची तिने आपल्या हाताने लिहायची.
धोब्याचा हिशेबसुद्धा उतरवला,
बंद पडलेल्या गिरणीचा फोन नंबरसुद्धा.
काय कामाचं आणि काय नाही
हे ठरवणाऱ्या आम्ही कोण?
कुंदाने मोठ्याने वाचून तपासलं,
माझ्या एकोणीस चुका पकडल्या. एक निसटली:
आमटीत पाव वाटीचा गूळ पाऊण वाटी झाला.
माझा मुलगा समजतो, आमटी अशीच असते.

"बेन, मिळाली!"
बघू. हो.
केंद्रकाचं आवरण विरघळलेलं, जाड गुणसूत्रं मधोमध,
प्रत्येकाच्या दोन प्रती कमरेला चिकटलेल्या.
पुस्तकात त्यांना भगिनी म्हणतात.
दोन्ही बाजूंनी धागे येऊन धरतात,
आणि एक जरी धरायची राहिली
तरी बाकीच्या सगळ्या थांबतात.
घाई नाही, कुणी ओरडत नाही.
शेवटचीचा हात धरला गेला
की मग एकदम.

शेजारच्या पेशीत ते होऊन गेलंय.
भिंत सुरू झालीय बघ, एक पुसट रेघ.
ती बाहेरून येत नाही, हेतल,
अगदी मधूनच उगवते
आणि कडेपर्यंत जाते.
आधीची पेशी कुठे गेली विचारशील तर
मेली म्हणावं, तर प्रेत नाही;
आहे म्हणावं, तर ती एकटी कुठेच नाही.

पण हे चित्र मी थांबवलेलं आहे.
आम्लात टाकलं त्या क्षणी
ज्या निघाल्या होत्या त्या तशाच राहिल्या,
पाऊल उचललेलं, पोचणार कधीच नाहीत.
हे मी हेतलला सांगत नाही.
तिला आकृती काढायची आहे,
पेन्सिलीला टोक नाही.

कुंदा नडियादला असते. रविवारी फोन करते,
तिची आमटी तिखट.

साडेअकराला जशुभाई विचारतो,
कांदे टाकू का घरी नेऊ?
ने बाबा.
चार मुळं तर कापलीत.
पिशवीत पाणी सांडतंय,
आणि न कापलेल्या मुळांची टोकं
जिन्यावरून उतरतानाही
आपलं काम करत असतील.