तात्पुरते नंबर

खडकीचं मैदान, सकाळचे साडेसहा.
एकशे चार पोरं, आणि माझ्या हातात पिनांचा डबा.
पाठीवर नंबर लावताना मी नाव विचारत नाही.
नाव कळलं की पेन्सिल अडखळते.

दहा मिनिटांत कळतं, असं आमचे नाडर सर म्हणायचे.
मला बावीस वर्षं झाली,
कळतं ते एवढंच : कोण चेंडूकडे बघतंय
आणि कोण कठड्यापलीकडच्या बापाकडे.

चौदा नंबर सुसाट धावतो, पण एकटाच.
‘अ’ संघात गेला तर बाकावर वाळेल.
‘ब’मध्ये त्याला पास द्यावा लागेल,
नाहीतर तिथली पोरं त्याला सोडणार नाहीत. ब.
साठ नंबरने चालू खेळात
पडलेल्याची स्टिक उचलून दिली.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.
समासात एक टिंब दिलं.

मग सदतीस.
भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
स्टिक धरली ती उजवा हात वर, डावा खाली.
डावखुरी का गं?
तिने हात मागे लपवला. घरी सवय असणार.
म्हटलं, डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नसते हॉकीत.
“मग मी जाऊ?”
नको. इथे सगळ्यांचाच डावा हात वर असतो.
स्टिक तोच फिरवतो, उजवा नुसता सोबतीला.
जेवताना ज्याच्यावर फटका बसतो ना,
तोच वर घे.

तीनदा हुकला.
चौथ्यांदा तो आवाज आला,
सुक्या बाभळीवर कोयता पडावा तसा,
आणि पंपाजवळचा माळीसुद्धा वळला.

तरीही क. एका आवाजावर कुणाला ‘अ’ देत नाहीत.

यादी पंपघराच्या भिंतीवर लावली.
एक आई माझ्याशी भांडून गेली,
चौदाचा बाप बोललाच नाही, ते जास्त लागलं.
सदतीसने यादी खालून वाचायला घेतली,
लवकर सापडलं तिला.
“‘क’चा सराव कधी?”
सहाला. सगळ्यांच्या आधी, टर्फ ओलं असताना.
“कोण शिकवतं?”
मी, म्हटलं.

सगळे गेल्यावर नंबर गोळा केले,
पिना मोजल्या. माणशी चार.
चार कमी भरल्या.
दोनदा मोजल्या,
मग डबा बंद केला.