निरंक

ओतार गुल्बानी, वय एकाहत्तर,
मेस्तियाच्या वरच्या हवामान ठाण्यावर
चौतीस वर्षं पाऊस मोजलेला माणूस.
कुताइसीच्या आमच्या मूत्रविकार विभागानं
त्याला मापाचं भांडं दिलं, तीन दिवसांचा तक्ता दिला,
सांगितलं, लिहून आणा: वेळ, किती मिलिलिटर, धार कशी.

तो म्हणाला, बस, एवढंच?

तक्ते माझ्याकडे येतात. मी टंकते.
बहुतेकांचे बाहेरच्या बाकावरच भरलेले असतात,
एकाच पेनानं, एका दमात,
दोनशे, दोनशे, दोनशे.
गुल्बानीच्या कागदावर एकशे पंधरा आहे, त्र्याण्णव आहे,
खाडाखोड आहे तिथे शेजारी सही आहे.
धारेच्या रकान्यात मला हवं होतं चांगली, मध्यम, बारीक.
त्यानं लिहिलंय:
भुरभुर.
रिपरिप, मध्येच उघडीप.
सर येईलसं वाटलं, आली नाही.

रात्री तीन चाळीसचा शेरा:
नुनूनं झोपेत विचारलं, बाहेर लागलाय का?
म्हटलं, नाही, मीच.

मी हसले. मग तिसरी रात्र आली.

अकरा, निरंक.
बारा वीस, निरंक. नळ सोडून पाहिला.
दोन, निरंक. उभं राहून पाय गार पडले.
साडेतीन, निरंक. नुनूला उठवलं नाही.
पाच, निरंक. पोट ढोलासारखं.
अक्षर कुठेच हललेलं नाही.

सहाच्या गाडीनं, घाटाची सगळी वळणं सोसत
तो खाली आला, तक्त्याला एक घडी न पाडता.
डॉक्टर लामारानं नळी घातली: अकराशे चाळीस.
त्यानं आधी आकडा विचारला,
मग डोळे मिटले.

दुपारी मी त्या पाच ओळी भरायला बसले.
संगणक निरंक घेत नाही. शून्य टाकलं
की रकाना पांढरा करतो, खाली लिहितो: माहिती दिलेली नाही.
पुन्हा टाकलं. पुन्हा पांढरा.

वॉर्डात जाऊन त्याला सांगितलं.
खाटेला टांगलेल्या पिशवीवरच्या रेघा वाचत होता.
म्हणाला, पाऊस नसला तरी मापकापर्यंत
चालत जावंच लागतं, पोरी, बर्फातूनसुद्धा.
नुसतं कोरं सोडलं
तर वरचे समजतात, बुवा झोपला.

मूळ कागद फाईलला टाचलाय.
फाईल आता बंद होत नाही,
रबर लावलंय.