चाळीस टनांच्या मशीनवर

सोमवारी शिरोलीच्या भट्ट्या थंड असतात,
म्हणून सोमवारचीच वेळ मिळाली.
लोणच्याच्या डब्यात (आठ वेळा धुतला, तरी मेथीचा वास आहेच)
साठ चकत्या, दोन-दोन मिलिमीटरच्या,
ओल्या कापसावर, सदतीस अंशांत सात दिवस निजवलेल्या.
दाताच्या मुळाच्या चकत्या.
मधोमध गुलाबी टिंब
आणि टिंबाभोवती केसाएवढी कड.
माझा सगळा प्रबंध त्या कडेत मावतो.

दस्तगीर मुजावर डब्यात डोकावतात.
"म्याडम, मशीन चाळीस टनाचं हाय.
काल ह्याच्यावर ट्रॅक्टरचा हुक तोडला.
तुमचं हे तर फुंकरीनं जाईल."
मग कपाटातून, फडक्यात गुंडाळलेला,
घड्याळजीच्या हातानं काढतात लहान लोडसेल.

दात कुणाचे, ते वहीत नाही.
नियमच आहे : नाव नको, फक्त आकडा.
पण सतरा नंबरच्या मानेला मिश्रीचा काळा गळपट्टा होता,
आणि नऊ, दहा, अकरा, बारा एकाच मुलीचे असावेत,
तारा लावण्याआधी काढलेले, कोवळे, कीड नसलेले.
शाहूपुरीत कुठंतरी ती आता ओठ मिटून हसत असेल.

चिठ्ठ्या टाकून तीन गट केले.
अ ला लवंगेचा वास.
ब राळेचा, एकदा धरलं की सोडत नाही म्हणतात.
क नवा, ओलाव्यातच घट्ट होणारा;
त्याची एक सिरिंज माझ्या महिन्याच्या मेसपेक्षा महाग.

सुई खाली येते, मिनिटाला अर्धा मिलिमीटर,
म्हणजे थांबल्यासारखीच.
मुळाकडून माथ्याकडे ढकलायचं, नळी तिकडं रुंद होते.
पडद्यावर रेघ चढते, चढते, आणि कोसळते.
मला काही ऐकू येत नाही, मामांना येतं.
"गेला," म्हणतात दरवेळी,
मयताला आल्यागत हळू.

मग भिंगाखाली बघायचं, सुटलं कुठून :
भिंतीपासून,
की भिंत धरून ठेवून आतल्या आत फाटलं.
दोन वेगळे रकाने आहेत.
तिसरा रकाना, थोडं हे थोडं ते.
तोच भराभर भरतो.

त्रेचाळीस नंबर क गटातला.
सुई टेकली न टेकली तोच निघून आला,
पिकल्या सीताफळातल्या बीसारखा.
घाटगे सर फोनवर : "एखादा निघतोच असा. वगळ.
सरासरी बिघडेल."
मी पेन उचललं, खोडायला.
मामा चहा पीत होते, फक्त उजव्या बाजूनं.
"आमच्यात रिजेक्ट माल भट्टीत जातो परत.
वहीतनं जात न्हाई."

खोडलं नाही. सरांना काय सांगायचं ते ठरलं नाही अजून.

"मग ह्यातलं कुठलं घालशीला माझ्यात?"
डावा गाल दाबत त्यांनी विचारलं.
ब पुढं आहे, सांगता आलं असतं.
पण डब्यातल्या दाताला रात्रीचा ठणका नसतो,
त्याला तंबाखू नाही, भाकरीचा पापुद्रा नाही,
रागानं आवळलेला जबडा नाही.
"आ करा," म्हटलं, आणि मोबाईलची बॅटरी लावली.
खालची दाढ. जुनं काम, वर टोपी,
टोपीच्या कडेला आता काळी रेघ.
"कधी केलेलं?"
"धाकटी जन्मली तवा. अठरा वर्सं झाली.
आठवड्यामागनं ठणकाय लागलंय."
"काय भरलेलं, आठवतंय?"
"ते कुठलं कळतंय आमाला?
पण चार दिस तोंडाला लवंगेचा वास होता."

आजच्या आकड्यांत लवंग सगळ्यात खाली आहे.
अठरा वर्षं लिहायला रकाना नव्हता;
समासात लिहिली, पेन्सिलीनं.

"उद्या सकाळी ओपीडीत या, उपाशी येऊ नका.
आणि आता चव्वेचाळीस लावा."