वखारीतली शाळा

पत्रिकेवर नाव तीन लिप्यांत आहे,
खाली सोनेरी पन्नास.
शाळा भरली कुठं, ते मात्र छापलेलं नाही.
मगदुमांच्या वखारीत भरली, निपाणीला.
तंबाखू नुकता हलवला होता, वास तसाच.
पहिल्या दिवशी हजेरीच झाली नाही,
सगळा वर्ग शिंकत होता,
आणि शिंकेचं माध्यम कोणतं
हे कुणी विचारलं नाही.

मधे फळ्यांचं पार्टिशन.
अलीकडं कुरणे गुरुजी, पलीकडं हुद्दार बाई.
आमचं बे दुणे चार संपायच्या आत
फटीतून यायचं, एरडेरडल नाल्कु.
मी फटीला डोकं टेकून बसायची.
म्हणून अजून हिशेब मराठीत मांडते
आणि हातचा कन्नडातून घेते.
पोरं हसतात.
दुकान चालतंय, हसू देत.

गावात बोर्डांना डांबर लागायचं,
कधी या अक्षरांना, कधी त्या.
त्या दिवशी गुरुजी आणि बाई
दोन्ही वर्ग एकत्र बसवून
चित्रकला घ्यायचे.
चित्रकलेत बोलायचं नसतं.
शाळेच्या पाटीवर तेव्हा नावही नव्हतं,
गुरुजींनी नुसतं घड्याळ काढलेलं,
आकडे न घालता,
काटे साडेदहावर.

इंटरनॅशनल हे अलीकडचं.
फी वाढली त्या वर्षी आलं.
पण गुरख्याचा हरकबहादुर
दोन्हीकडचे पाढे म्हणायचा
आणि भांडायचा तिसऱ्याच भाषेत.
तेव्हाच झालो होतो की आम्ही,
एका पोरापुरते.

भाषणं लांबली, तशी मी मागं सायकल स्टँडकडं गेले.
पार्टिशनच्या फळ्या तिथं रचलेल्या,
वर पत्र्याचे डबे, कोंबडीची पिसं.
माझी फळी सापडली.
खोबरेल तेलाचा डाग,
आता माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.
उलटी केली.
मागंही एक डाग.
तेवढ्याच उंचीवर.

कोण बसायचं तिथं?
कुणाला हवे होते आमचे पाढे?
मंडपात येऊन पत्रिका पुन्हा उघडली.
पहिल्या तुकडीची नावं दोन रकान्यांत आहेत.
दुसरा रकाना मला वाचता येत नाही,
नुसता ऐकता येतो.
शेजारी एक बाई बसली होती, माझ्याच वयाची,
पदरानं वारा घेत.
पत्रिका तिच्यापुढं धरली, म्हटलं,
ओदी हेळ्री,
जरा मोठ्यानं.